बापावर गेलंय लेकरू

(पहाट. ट्रक भरतोय.)

दसरा सरला की बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्या ऊसतोडीपायी अशा रिकाम्या होतात. आधी कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, ताडपत्री. मग ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम. शेळी वर चढायला तयार नसते, तिला उचलावंच लागतं. माणसं सगळ्यात शेवटी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, तेही तसेच, जोडीवर. ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने उसाच्या फडातच.

(शाळेचं मैदान.)

हा पोरगा मागं राहिला, आजीपाशी. मधल्या सुट्टीतली त्याची ही मारामारी आमच्यासमोरच झाली. आजी एवढंच म्हणाली, "बापावर गेलंय लेकरू."

बापाकडून काय येतं? १९९३ साली नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाची नोंद प्रसिद्ध झाली. घरातले काही पुरुष एकाएकी हिंसक होत. त्यांचं एमएओए नावाचं जनुक बिघडलेलं निघालं. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) हे जनुक बनवतं. आणि ते असतं एक्स गुणसूत्रावर, म्हणजे मुलग्याला मिळतं ते आईकडून. बापाचा इथं संबंधच नाही!

बिघाड दुर्मिळ. पण याच जनुकाचा मंद चालणारा प्रकार पुष्कळांत असतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांवर संशोधक वर्षानुवर्षं लक्ष ठेवून होते. त्यातल्या मुलग्यांचा हिशेब २००२ साली आला. नुसतं मंद जनुक असलेले इतरांपेक्षा वेगळे निघाले नाहीत. मंद जनुक आणि लहानपणी मारझोड, हेळसांड, असं दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्यात हिंसा सगळ्यात जास्त. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलं नाही. एकट्या जनुकाचा वाटा छोटाच असतो.

या पोराचं जनुक कुणी तपासलेलं नाही. तपासून करायचं काय? बाप दारू पिऊन मारायचा, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

(हंगामी वसतिगृह. पंगत.)

मागं राहिलेल्या पोरांसाठीचं हे वसतिगृह यंदा उघडलं ट्रक गेल्यावर महिन्यानं. तोवर दोन पोरं फडावर गेलीसुद्धा. त्यांची शाळा सुटली. उरलेल्यांना दोन वेळचं गरम जेवण आहे, रात्री दिवा आहे, आणि हात न उगारणाऱ्या एक बाई आहेत. भाजी त्याच वाढतात.

(रात्र. आजीचा फोन वाजतो. फडावरून आई.)

(इथून निवेदन नाही. मायलेकरांचं बोलणं तसंच राहू द्यावं.)