आरएक्स १०० चं तडकलेलं साइड पॅनेल: वरवर चिकटवू नका, एकजीव करा

नमस्कार मंडळी. आधी हे बघा.

(पॅनेल कॅमेऱ्याजवळ धरून)

यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलचं साइड पॅनेल, म्हणजे बाजूचं प्लास्टिकचं झाकण. माझ्या मामाच्या गाडीचं. वरच्या खुंटीपाशी सुरू झालेली ही चीर तिरकी खाली उतरलीय, चांगली चार बोटं लांब. आणि ही मागची खुंटी तर बुडातूनच गेलीय.

एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या सहकार्यानं ही गाडी १९८५ साली आणली आणि १९९६ मध्ये ती बंद झाली. म्हणजे अगदी शेवटच्या लॉटमधल्या गाडीचं प्लास्टिकसुद्धा तिशीला टेकलंय. बाजारात नवं डुप्लिकेट पॅनेल मिळतं, मग हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. मी ते लावून बघितलंय. प्लास्टिक पातळ, खुंट्या दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे, दाबून बसवावं लागतं. आणि दाबून बसवलेलं पॅनेल पुन्हा तडकतंच. म्हणून सांगतो, गाडीसोबत आलेलं मूळ पॅनेल कितीही फुटलेलं असू दे, भंगारात घालू नका.

आता हे तडकतं का, ते आधी समजून घेऊ. दोष पॅनेलमध्ये शोधू नका, फ्रेमकडे बघा. पॅनेलच्या खुंट्या फ्रेमवरच्या रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे रबराच्या कड्यांमध्ये, बसतात. नवं असताना ते रबर मऊ असतं, टू-स्ट्रोक इंजिनाची थरथर ते पोटात घेतं. हे बघा, मामाच्या गाडीतून काढलेलं जुनं ग्रोमेट. नखानं दाबलं तरी दबत नाही, लाकूड झालंय. आता ती सगळी थरथर थेट खुंटीच्या बुडाशी जाते. त्यात कुणीतरी घाईत एका कोपऱ्याला धरून पॅनेल हिसकलं, की काम तमाम. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं ते वेगळंच.

दुरुस्तीआधी प्लास्टिक ओळखायचं. पाठीमागं कधी एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) अशी प्लास्टिकच्या जातीची अक्षरं उमटवलेली असतात. नसतील तर तुटका कपचा पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, आणि मग आजची पद्धत तुमच्या कामाची नाही, कारण ती अॅसिटोन या विरघळवणाऱ्या द्रवावर चालते आणि हे प्लास्टिक त्याला दाद देत नाही. बुडाला तर पाठीमागं, न दिसणाऱ्या जागी, अॅसिटोनचा एक थेंब लावून बोट टेकवा. चिकट लागलं? मग एबीएस समजायला हरकत नाही. हे आपलं एबीएस आहे.

कॉलेजात असताना याच गाडीचं पॅनेल मी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडलं होतं. दोन मिनिटांत पक्कं झालं, मला फार आनंद झाला. आठवड्याभरात त्याच रेघेच्या शेजारी नवी चीर. तो गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. पॅनेल लवतं, तो लवत नाही. इपॉक्सी पुट्टीचं दुखणं वेगळं, ती नुसती वर बसते आणि थरथरीनं खपलीसारखी सुटते. अॅसिटोन मात्र एबीएसला विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, अॅसिटोन उडून गेलं की मागं उरतं ते फक्त प्लास्टिक.

त्यासाठी खळ करायची. काचेची बाटली, पत्र्याचं झाकण. त्यात एबीएसचे बारीक तुकडे. भंगारातलं त्याच जातीचं फुटकं पॅनेल मिळालं तर उत्तम, नाहीतर एबीएस लिहिलेला कुठलाही तुकडा चालेल. वरचा रंग मात्र खरवडून काढा. तुकडे बुडतील इतकं अॅसिटोन ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी काकवीसारखी धार पडली पाहिजे. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. थर्माकोलच्या कपात तर चुकूनही ओतू नका, कप जागीच विरघळेल.

आणि हे कळकळीनं सांगतो. अॅसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि ती जड असते, जमिनीलगत पसरते. देवापुढं दिवा लागलाय, स्वयंपाकघरात गॅस चालू आहे, अशा घरात ही बाटली उघडायची नाही. गच्चीवर किंवा अंगणात बसा.

आता चीर. पॅनेल साबणानं धुऊन घ्या, पॉलिशचा तेलकटपणा जाऊ द्या. मग अगदी हलकं वाकवा. दिसतंय? जिथं चीर संपल्यासारखी वाटते, तिच्या पुढंही ही पांढुरकी रेघ गेलीय. प्लास्टिक तिथपर्यंत आतून दुखावलेलं आहे. या रेघेच्या टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं. चिरेच्या अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटतो. टोक गोल झालं की तो पसरतो आणि चीर पुढं सरकत नाही. हे भोक टाळून केलेली दुरुस्ती मी टिकलेली पाहिलेली नाही.

पुढच्या बाजूनं टेप लावून कडा एका पातळीत आणा. पाठीमागून चिरेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कोरा, जाडीच्या निम्म्यापर्यंत. मग जुन्या चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी घ्या, बोटभर रुंद पट्टी कापा आणि सोल्डरिंग आयर्ननं चिरेवर आडवी दाबून प्लास्टिकमध्ये रुतवा. याचा धूर छातीला वाईट, रसायनाच्या वाफेचा फिल्टर असलेला मास्क लावा, कापडी मास्कचा उपयोग नाही. क्रमही लक्षात ठेवा: आधी गरम काम, मग आयर्नचा प्लग काढून ते पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि त्यानंतरच अॅसिटोनची बाटली उघडायची.

ब्रशनं चिरेत थोडं नुसतं अॅसिटोन सोडा. मग खळ, पातळ थरानं. अर्धा-पाऊण तास थांबा, दुसरा थर, मग तिसरा. एकदम जाड थापली तर वरून साय धरते आणि आत बुडबुडे राहतात. वाळताना ती आकसते, म्हणून शेवटचा थर किंचित उंच ठेवा. मग दोन दिवस हात लावू नका.

खुंटीचं काम मला सगळ्यात आवडतं. भंगारातल्या पॅनेलची खुंटी कापून आणली. तिच्या पोटात आणि पॅनेलवरच्या बुडात बारीक भोक, मध्ये स्टीलची पिन. म्हणजे भार एकट्या जोडावर येत नाही. पण ती नेमकी कुठं बसवायची? फ्रेमवरच्या ग्रोमेटच्या तोंडाला ओला खडू लावा, पॅनेल बाकीच्या खुंट्यांवर बसवून अलगद टेकवा. हे बघा, पाठीमागं पांढरं वर्तुळ उमटलं. त्याच्या मधोमध खुंटी. बुडाशी खळीचा उतार द्या, झाडाचं खोड जमिनीपाशी रुंद होतं ना, तसा.

रंगाचं थोडक्यात. १८० नंबरचा सँडपेपर, मग ३२०, मग ६००. खड्डा राहिला तर प्लास्टिकला चालणारी लवचीक लांबी (पुट्टी) भरा. रंग आठवड्यानं मारा, आत अडकलेलं अॅसिटोन निघून जायला हवं, नाहीतर रंगाखाली रेघ बसते. प्राइमर, रंग, लॅकर, सगळे हात हलके.

आता बसवू. फ्रेमवर नवी ग्रोमेट आधीच लावलीत. आत बोटानं साबणाचं पाणी फिरवा, तेल किंवा ग्रीस नको, तेलानं रबर फुगतं. पॅनेल काढतानाही दोन्ही हातांनी, खुंटीच्या अगदी जवळ धरून, एकेक करून सोडवायचं. टाकी भरताना पेट्रोल ओघळलं तर लगेच पाण्यानं धुवा, एबीएसला ते सोसत नाही.

ही वरची... बसली. आता मागची. अंगठ्यानं सरळ दाबतोय, जोर लावत नाही.

(टक्)

गाडी चालू करतो. पॅनेलवर हात ठेवून बघतो... खडखड नाही.