झोपेत जीव घाबरा होतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

झोप लागून तास-दोन तास झालेले असतात आणि माणूस एकदम उठून बसतो. छातीत धडधडतंय, श्वास पुरत नाही, दरदरून घाम फुटलाय, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्यात. मनात एकच, आता काही खरं नाही! वाईट स्वप्न पडलं म्हणावं, तर तसं काही आठवत नाही. झोपेतला पॅनिक अटॅक तो हा. दिवसा असे झटके येणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो कधी ना कधी रात्रीही गाठतो.

भीतीदायक स्वप्नं बहुधा पहाटेकडे पडतात. हा झटका येतो हलकी झोप गाढ होऊ लागते तेव्हा, म्हणजे बहुतेक वेळा रात्रीच्या पहिल्या काही तासांत. लहान मुलं झोपेतच किंचाळत उठतात, तो प्रकारही निराळा. त्यांना सकाळी त्यातलं सहसा काही आठवत नाही. इथे माणूस टक्क जागा असतो आणि सगळं लख्ख लक्षात राहतं.

मग झोपलेल्या माणसानं घाबरावं कशाला? गाढ झोपेकडे जाताना श्वास संथ होतो, नाडी बदलते, स्नायू सैल पडतात. बहुतेकांच्या हे गावीही नसतं. पण एखाद्याचा मेंदू आधीच सावध असेल, तर एवढ्याशा बदलालाही तो धोका समजत असावा, असं अनेक तज्ज्ञ मानतात. मांजर शिरलं तरी चोरघंटी वाजावी, तसं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकची जी मांडणी केली, तीही याला धरूनच आहे. शरीरातल्या साध्या खुणांचा आपण भलता अर्थ लावतो. धडधडलं की हार्ट अटॅक! मग भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते.

अशा वेळी झोपेची मनधरणी करत पडून राहू नका. उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, मंद दिवा लावा. ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला जो तो देतो. मला तो अर्धवट वाटतो. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या येणं, गरगरणं हे बरंचसं त्यातून येतं. तेव्हा भर श्वास सोडण्यावर द्या. नाकानं बेताचा श्वास, मनात चार आकडे मोजत, आणि सोडताना सहा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय मात्र नको. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो अंगाशी येईल. नाडी चाचपत बसू नका, मोबाईलवर लक्षणं शोधू नका. झटका साधारण दहा मिनिटांत कळस गाठतो आणि ओसरू लागतो.

पण हा पॅनिकच आहे, हे पहिल्याच वेळी घरबसल्या ठरवायचं नाही. छातीत दुखत असेल, हात किंवा जबड्याकडे कळ जात असेल, शुद्ध हरपत असेल, तर थेट इस्पितळ. एरवीही डॉक्टरांकडून तपासून घ्या. घोरताना श्वास अडकणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, छातीत आम्ल वर येणं, थायरॉईड, हृदयाचे अनियमित ठोके, रक्तातली साखर उतरणं, हे सगळे रात्री अशीच सोंगं घेतात.

झटक्याहून जास्त नुकसान करते ती त्यानंतरची झोपेची धास्ती. माणूस जागरणं करू लागतो, दिवा-टीव्ही चालू ठेवून खुर्चीत डुलक्या घेतो, कुणी झोप यावी म्हणून दारूचा आधार घेतो. दारूनं झोप लवकर लागते, पण उरलेली रात्र तुकड्या-तुकड्यांची होते, आणि अपुऱ्या झोपेनं झटक्यांना आणखी वाव मिळतो. यावर औषधं आहेत, आणि सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे. तिच्यात थेरपिस्ट तुम्हाला मुद्दाम जागच्या जागी पळायला किंवा भराभर श्वास घ्यायला लावतात. धडधड सुरू होते, आणि काहीही न करता ती थांबते, हे तुम्ही स्वतः बघता.

आणि शेजारी झोपणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘काही नाही झालं, झोप बघू’ असं म्हणू नका. त्या माणसाला खरंच काहीतरी झालेलं असतं. दिवा लावा, त्याच्याबरोबर बसा, हळू आवाजात आकडे मोजा. प्रश्न विचारायचे ते सकाळी.