म्हातारीचा बूट आणि माझी चप्पल

नमस्कार श्रोतेहो. मुंबईत मलबार हिलवर, कमला नेहरू पार्कात, म्हातारीचा बूट आहे. तुमच्यातल्या अनेकांनी तो पाहिला असेल. सिमेंटचा, घराएवढा बूट. आत जिना, वर खिडक्या आणि खिडक्यांतून डोकावणारी पोरं.

ही म्हातारी आपली नव्हे, बरं का. ती इंग्रजी बडबडगीतातली. पोरं इतकी की करावं काय ते कळेना. मग पावाशिवाय नुसतं सूप पाजलं, फटके दिले आणि झोपवलं. आपली म्हातारी लेकीकडे जाते, खाऊनपिऊन टुणटुणीत होते आणि भोपळ्यात बसून परत येते. मला विचाराल तर आपलीच शहाणी. पण तिचा भोपळा काही कुणी बांधला नाही.

अमेरिकेत पेनसिल्वेनियातही असंच एक बूटघर आहे. महलॉन हेन्स नावाच्या बूटविक्याने ते 1948 साली दुकानांच्या जाहिरातीसाठी बांधलं. उंची 25 फूट. आर्किटेक्टच्या हातात त्याने कामावर घालायचा साधा बूट ठेवला आणि असंच घर बांध म्हणाला. तिथेही बूट, इथेही बूट. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घराएवढा मान बुटालाच! आणि तो बघायला रांगेत उभे कोण? सगळे चपलावाले.

मीही त्यातलाच. सात वर्षांचा होतो. मे महिन्याची सुट्टी, आत्याबरोबर आम्ही पाच भावंडं, 106 नंबरची बस. (भेळ घरूनच डब्यात आणलेली. बाहेरची भेळ खाऊ नये असं आत्याचं मत, आणि डब्यातली भेळ मऊ पडते हे माझं.) पायांत पांढरी रबरी स्लिपर, निळे बंद. तेव्हा ज्याच्या त्याच्या पायात तीच.

बुटाच्या जिन्यात ही गर्दी! मागून कुणीतरी रेटलं आणि माझी उजवी स्लिपर निसटून खाली गेली. खाली वळायला जागा नाही. मी ओरडलो, "चप्पल! माझी चप्पल!" खालून एका पोराने उचलली, वरच्याला दिली, त्याने त्याच्या वरच्याला. हातोहात, पायरीपायरीने स्लिपर वर आली. मी पायात सरकवली, खिडकीतून आत्याला हात केला आणि उतरलो.

बस स्टॉपवर आत्या माझ्या पायांकडे बघतच राहिली. "अरे, या दोन्ही डाव्या!"

दोन्ही डाव्या. माझी एक डावी, दुसऱ्या कुणाची तरी एक डावी. त्या रेटारेटीत आणखी कुणाची तरी निसटली असणार. पळत मागे गेलो, जिना वरखाली पाहिला, पण कुणी पोरगं एका पायाने उभं दिसेना. म्हणजे तोही दोन चपला घालूनच घरी गेला होता. दोन्ही उजव्या!

आई म्हणाली, शाळा सुरू होईपर्यंत नवी मिळणार नाही. मग जूनपर्यंत मी दोन डाव्याच वापरल्या. आलेली डावी बोटभर मोठी होती, चालताना फटक फटक वाजायची. आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातला आवाज ऐकून आतूनच विचारायच्या, "काय रे, तो भेटला का?"