दुसरा कप्पा

श्रोतेहो, नमस्कार.

१९३२ सालच्या अखेरीला रत्नागिरीच्या तुरुंगात एका राजबंद्यानं आपलं जेवण कमी केलं. मागणी एवढीच, की तुरुंगातलं मैला उचलायचं काम मला करू द्या. तुरुंगाची रीत आड आली: हे काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं, उच्चवर्णीयाला ते द्यायचं नाही. येरवड्यात असलेल्या गांधीजींना हे कळलं आणि ३ डिसेंबरला त्यांनीही सहानुभूतीचा उपवास सुरू केला. सरकारनं विचार करतो म्हटल्यावर दोन दिवसांत तो थांबला. राजबंद्याचं नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. तत्त्वज्ञानाचे एम. ए., काही काळ प्राध्यापक, मग साबरमतीला गांधीजींजवळ आणि तिथून परत कोकणात. जन्म १८९४, निधन १९७१. कोकणात आप्पासाहेब, आणि पुढंपुढं कोकणगांधी.

आप्पासाहेबांवर बोलायला उठलेला माणूस बहुधा एवढं सांगून थांबतो. ब्राह्मणानं मैल्याची बादली उचलली, केवढा त्याग! पण बादली कुणी उचलली यानं बादली नाहीशी होत नाही, फक्त हात बदलतात. सफाईचं काम थोर आहे, पवित्र आहे, या गौरवावर डॉ. आंबेडकरांनी कडाडून टीका केली होती, आणि ती जागच्या जागी बसणारी आहे. काम पवित्र ठरवल्यानं ते करणाऱ्याची सुटका होत नाही. सुटका व्हायची तर ताजा मैला कुणालाच हाताळावा लागणार नाही अशी रचना हवी. म्हणजे प्रश्न गवंड्याच्या अंगणात येतो. आप्पासाहेबांच्या उत्तरायुष्याकडं मला तिथून बघावंसं वाटतं. १९४८ साली कणकवलीत गोपुरी आश्रम सुरू झाल्यावर संडास, सोनखत, मेलेल्या ढोरांची व्यवस्था, गोबर गॅस हेच तिथले विषय होते.

ढोरांचं आधी सांगतो, थोडक्यात. गावात बैल मेला की तो ओढून न्यायचा आणि सोलायचा हे एका जातीच्या डोक्यावर लादलेलं काम. विदर्भात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, कोकणात आप्पासाहेबांनी स्वतः सुरी हातात घेतली. यातली तांत्रिक बाजू अशी. उन्हाळ्यात जनावर मेल्यावर चार-सहा तासांच्या आत सोलावं लागतं, नाहीतर पोट फुगतं आणि कातड्याचे केस सुटायला लागतात, म्हणजे कातडं कुजायला लागलं. सोलताना सुरीचं टोक आतल्या बाजूला लागलं तर तिथं घाव पडतो, आणि पुढं कमावताना तो घाव भोक होऊन उघडतो. सोललेल्या कातड्याच्या मांसाकडच्या बाजूला त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं तरी जाडं मीठ चोळायचं. मिठात काटकसर केली की दोन दिवसांत वास सांगतो. मग केस काढायला चुना, मग कमवायला बाभळीची साल आणि हिरडा. हाडांचं खत वेगळं. हा सगळा धंदा शिकण्यासारखा आहे, तो जन्मानं येत नाही, हे दाखवायला सुरी धरण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

आता संडासाकडे येऊ.

मैला जमिनीत किती खोल पुरायचा? गांधीजी या बाबतीत पूअर नावाच्या इंग्रज डॉक्टरांचा हवाला देत: नऊ इंच ते एक फूट, त्याहून खाली नाही. कारण वरच्या थरातली माती जिवंत असते. हवा, ऊब आणि सूक्ष्म जीव तिथं असतात, आणि मैल्याची माती तेच करतात. चार फूट खोल पुरलेला मैला हवेअभावी नुसता सडत राहतो. आश्रमांमध्ये चर खणून, त्यावर हलता आडोसा ठेवून, प्रत्येक वेळी माती लोटण्याची पद्धत होती ती यातूनच आली. वर्ध्याच्या काळ्या जमिनीत, कोरड्या दिवसांत ती छान चालते.

कणकवलीत काय होतं? जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. चर दोन दिवसांत भरतो, मैला तरंगून परसातून पाणंदीत आणि पाणंदीतून विहिरीकडे जातो. खाली जांभा. तो स्पंजासारखा भोकाभोकांचा, पाणी त्यातून गाळून न निघता सरळ धावतं. म्हणून कोकणात खड्ड्याऐवजी जमिनीच्या वर कप्पे बांधणं शहाणपणाचं. खत करणारा असा दोन कप्प्यांचा संडास गांधीवादी कार्यकर्त्यांत गोपुरी संडास म्हणून ओळखला जातो.

बांधणी साधी. जोत्यावर चिऱ्याचे दोन कप्पे, मध्ये एक भिंत, आतून सिमेंटचा गिलावा. प्रत्येक कप्प्यावर फरशी आणि फरशीला भोक. एका वेळी एकच भोक उघडं, दुसरं दगड ठेवून बंद. मागच्या बाजूला तळाशी खत काढायचं दार, तेही फरशीचा तुकडा आणि चिखल लावून बंद केलेलं. लघवी पुढच्या पन्हळीतून वेगळी जाते. एका माणसाची दिवसाची लिटरभर ते दीड लिटर लघवी कप्प्यात पडली तर आतला ढीग ओला होतो, हवा जाते, वास सुटतो. तीच वेगळी धरून पाच ते दहा पट पाणी घालून केळीच्या बुंध्याशी ओतली तर नत्राचं खत. पानांवर मात्र शिंपडू नये, करपतात.

खरी गोम पुढं आहे. कोरड्या संडासाची पुस्तकी चित्रं बघितली तर त्यांत धुण्याची जागा बहुतेक नसते, कारण चित्रं काढणारे लोक पुसणारे. आपण धुणारे. म्हणून भोकापासून फूट-दीड फूट सरकून बसायला वेगळी जागा आणि तिचं पाणी केळी-अळूच्या आळ्यात, हे करावंच लागतं. घरच्यांना महिन्याभरात सवय लागते. गणपतीला मुंबईहून आलेला पाहुणा मात्र जागच्या जागी तांब्या रिकामा करतो. आठवडाभर चार पाहुणे असं वागले तर कप्प्यात अळ्या दिसायला लागतात. उपाय एकच: कोरडा पाचोळा भरपूर टाकायचा आणि काठीनं ढीग सैल करायचा. फिनेल ओतायचं नाही. त्यानं अळ्यांबरोबर कुजवणारे जीवही मरतात.

कप्पा वापरात घेण्याआधी तळाला वीतभर कोरडा पातेरा पसरायचा. मग प्रत्येक वेळी अर्धा लिटर मावेल असं भांडं भरून झाकण टाकायचं: एक भाग चुलीची राख, दोन भाग कोरडी माती आणि पाचोळ्याचा चुरा. नुसती राख टाकली तर रोगजंतू मरतात हे खरं, पण कुजण्याची क्रियाही मंदावते. नुसती माती टाकली तर ढीग दगडासारखा बसतो. मैल्यात नत्र जास्त, पाचोळ्यात कर्ब जास्त. कर्ब नत्राच्या पंचवीस-तीस पट असला की ढीग नीट कुजतो. घरी कुणी मोजत नाही, वासावर कळतं. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाचोळा कमी पडतोय.

आणि पावसाळ्याची बेगमी. पाच माणसांचं घर, दिवसाला पाच भांडी, पावसाचे एकशेवीस दिवस. म्हणजे तीनशे लिटर कोरडं झाकण, पंधरा लिटरचे वीस डबे. हे एप्रिल-मे महिन्यात, पातेरा कुरकुरीत असताना भरून माळ्यावर ठेवायचं. जुलैत कोरडी माती शोधायला गेलात तर सिंधुदुर्गात मिळायची नाही. कोरडा संडास बंद पडलेल्या घरात जाऊन बघा, निम्म्या वेळा कारण हेच निघेल.

कप्पा किती मोठा? एक घनमीटरचा, म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब, रुंद आणि उंच, पाच माणसांना सहा महिने पुरतो. इथं एक चूक सर्रास होते. पहिला कप्पा सहा महिन्यांनी बंद केला, दुसरा सहा महिन्यांत भरला, पहिला उघडला. ढिगाच्या तळाचा भाग वर्षाचा झालेला असतो, पण वरचा, शेवटच्या दिवशी पडलेला, फक्त सहा महिन्यांचा! जंतांची अंडी सगळ्यात चिवट. आपल्या हवेत ती मरायला निदान एक वर्ष धरावं. म्हणून एकतर कप्पे दुप्पट मोठे बांधा, नाहीतर सहा महिन्यांचा माल काढून पालापाचोळ्याबरोबर आणखी सहा महिने वेगळा ढीग लावा. तयार खत मुठीत घेतलं तर काळं, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसाच्या मातीचा. चिकट लागलं तर परत बंद. खत माडाच्या, पोफळीच्या, केळीच्या आळ्यात घालून मातीनं झाकायचं. कोथिंबीर, मुळा, काकडी, म्हणजे कच्चं खायचं त्याला नाही.

आज खेड्यात सरकारी योजनेतून मिळतो तो संडास पाण्याचा, दोन शोषखड्ड्यांचा. विचार तोच: एक चालू, एक विश्रांतीला. नव्वद सेंटिमीटर व्यासाचा आणि एक मीटर खोल खड्डा म्हणजे सुमारे सहाशे तीस लिटर. एका माणसाचा वर्षाचा गाळ चाळीस लिटर धरला तर पाच माणसांना तीन वर्षं. बांधकामात फटी सोडायच्या, तळ मातीचाच ठेवायचा, दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर, विहिरीपासून दहा मीटर तरी, आणि जांभ्यात त्याहून बरंच जास्त. भांडं तीव्र उताराचं, पाण्याचं झाकण, म्हणजे वळणात साठून वास अडवणारं पाणी, वीस मिलिमीटरचं, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं.

बिघडतं कुठं? गवंडी वाटणीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळी जिथून दोन खड्ड्यांकडे फुटते तिथं, एका तोंडाला वीट लावायला विसरतो. दोन्ही खड्डे एकदम भरतात, आणि तीन वर्षांनी दोन्हीत ताजा मैला. दुसरं, मालक म्हणतो पक्कं बांधा. तळ आणि भिंती सिमेंटनं बंद, पाणी मुरत नाही, सहा महिन्यांत तुंबलं. तिसरं, एकच पण दहा फुटी खड्डा, ‘जन्मभर बघायला नको’ म्हणून. तो भरतोच, आणि मग कुणालातरी आत उतरवलं जातं. माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा त्याहून कडक झाला, तरी खड्ड्यात गुदमरून माणसं मरतात. आप्पासाहेबांच्या भाषेतली भंगीमुक्ती त्या घरात बांधकामाच्या दिवशीच हुकलेली असते, एवढ्या कामात एका चेंबरकडे किंवा खड्ड्याच्या खोलीकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

ग्रामपंचायतीचा दाखला संडास बांधून झाला की मिळतो. मला विचाराल तर तपासणी चौथ्या वर्षी व्हावी, पहिला खड्डा उघडताना.

आपल्या घरी असा संडास असेल तर आज एवढं करा. चेंबरचं झाकण काढा आणि कुठल्या खड्ड्याचं तोंड बंद आहे ते पाहा. दोन्ही उघडी असतील तर एक अर्धी वीट आणि चिखल पुरे. कप्पा किंवा खड्डा बंद केल्याची तारीख खडूनं लिहू नका, मृगाच्या पहिल्या सरीत ती जाते. झाकणाच्या कडेला गिलावा ओला असतानाच खिळ्यानं कोरा: महिना आणि साल. घरात तेव्हा लहान असलेलं पोरच बहुधा तो उघडणार आहे, त्याला वाचता येईल एवढी अक्षरं मोठी काढा.

नमस्कार.