बायकोचा फ्रिज, माझा कॉम्प्युटर

(विज्ञान दिनाच्या निमित्तानं दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून.)

मंडळी, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या पोट्ट्यांनो, २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सी. व्ही. रामन यांनी त्यांचा शोध लावला, म्हणून आजचा दिवस. अशा दिवशी ज्याचा प्रयोग जमला त्याला बोलवायचं असतं. तुम्ही मला बोलावलं. माझ्या नावावर एकच प्रयोग आहे आणि तो सपशेल फसलेला आहे. मी घरचा कॉम्प्युटर फ्रिजमध्ये बसवला होता. हसा, हसून घ्या. मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे मला काही लपवता येणार नाही.

२०१०चा उन्हाळा. माझं तेव्हा घरातच छोटं केंद्र होतं: नोकरीचे फॉर्म, बारावीचा निकाल, लग्नपत्रिका, झेरॉक्स. खोली टिनाची. शेजारच्या खोलीत आमचा कापूस भरलेला, कारण भाव वाढेल म्हणून बाबा थांबले होते. तो कापूस लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे. कॉम्प्युटर सेकंडहँड, पेन्टियम ४. त्या जातीचे प्रोसेसर तापण्याबद्दलच प्रसिद्ध. एकटा प्रोसेसर ऐंशी-नव्वद वॉट खायचा, सगळा डबा मिळून दीडशेच्या घरात. बाहेर पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी बाराच्या सुमारास पडदा काळा. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळण्याऐवजी स्वतःच बंद पडतो, तशी सोयच असते त्यात. पण निकाल नेमका दुपारी लागतो, आणि पोरं दारात उभी.

त्याच वेळी बायको पोरांना घेऊन माहेरी गेली होती. माणूस असे उद्योग तेव्हाच करतो. फ्रिज तिच्या आंदणातला, एका दाराचा, १६५ लिटरचा. मी म्हटलं, चार दिवसांत परत जसाच्या तसा. जाळ्या काढल्या, दुधाची पातेली शेजारी नेऊन दिली. गावातल्या फ्रिजवाल्या मिस्त्रीनं पाइप कुठून गेला आहे ते पाहून बाजूला खडूनं खूण करून दिली आणि मी तिथं भोक पाडलं, वायरी जाण्यासाठी. डब्याची पत्रं काढून मदरबोर्ड एका पाटावर स्क्रूनं बसवला, पाट आत ठेवला. मॉनिटर, की-बोर्ड बाहेर. दार लावलं.

पहिला तास काय मजेत गेला! डेअरीतून आणलेला थर्मामीटर आत बारा दाखवत होता. मला वाटलं, आपण मोठा शोध लावला. दोन तासांनी अठरा. तीन वाजता एकतीस. आणि फ्रिजचा आवाज थांबेचना. एरवी तो घरघर करतो, गप्प बसतो, पुन्हा घरघर करतो. त्या दिवशी अखंड. संध्याकाळी मागून 'टक्' असा आवाज आला आणि सगळं शांत. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा 'टक्', जरा वेळ चालला, पुन्हा बंद. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मागं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ओएलपी ट्रिप होऊन राहिली भाऊ. कॉम्प्रेसर जीव वाचवून राहिला आपला." ओएलपी म्हणजे कॉम्प्रेसर जास्त तापला की त्याची वीज तोडणारा स्विच.

"पण फ्रिज तर थंड करायलाच असतो ना?"

तो म्हणाला, "विहिरीचा झरा मोठा अन् मोटर लहान, तर विहीर उपसन कशी?"

फ्रिजचं शास्त्र मी पुस्तकातून वाचलं होतं, पण मला ते त्या वाक्यानं समजलं. आपण समजतो फ्रिज थंडी तयार करतो. थंडी नावाची वस्तूच नाही. फ्रिज म्हणजे उष्णता उपसणारी मोटर. आतल्या कॉइलमध्ये पातळ झालेला गॅस उकळतो आणि उकळताना आतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो, दाबल्यावर तो तापतो, आणि मागच्या काळ्या जाळीत येऊन ती उष्णता खोलीत टाकून पुन्हा पातळ होतो. आतून उपसा, बाहेर सोडा, एवढंच काम. घरगुती फ्रिजची मोटर किती मोठी? साधारण शंभर-दीडशे वॉट उष्णता उपसण्याइतकी, आणि बाहेर पंचेचाळीस अंश असले की त्याहून कमी, कारण उपसलेली उष्णता टाकायची कुठे, तर आधीच तापलेल्या हवेत. चढावर पाणी चढवण्यासारखं आहे ते.

आता झरा किती ते पाहा. भिंतींतून आणि दाराच्या रबरातून बाहेरची उष्णता सतत झिरपते, उन्हाळ्यात ती एकटीच चाळीस-पन्नास वॉट होते. दूध, भाजी, पाण्याच्या बाटल्या एकदा थंड झाल्या की त्यांना फारसं काही लागत नाही. म्हणून मोटर थोडी चालते, थोडी झोपते. पाण्याची बाटली स्वतःहून तापत नाही ना! माझा कॉम्प्युटर मात्र आत बसून दीडशे वॉटचा झरा सोडत होता, रात्रंदिवस.

बरं, मोटर बंद पडल्यावर काय होतं ते याहून वाईट. फ्रिजच्या भिंतीत फोम असतो. तो थंड आत ठेवतो असं नाही, तो फक्त उष्णतेची वाट अडवतो, दोन्ही बाजूंनी. कोंबडीची पिल्लं उबेत ठेवायला आपण खोक्यात एक बल्ब लावतो, पाहिलं असेल तुम्ही. माझ्याकडे तसंच खोकं होतं, फक्त भिंती चांगल्या आणि बल्ब दीडशे वॉटचा. लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर यूपीएसवर चालू आणि फ्रिज बंद अशी स्थिती आली की दहा-पंधरा मिनिटांत तो टिनाच्या खोलीपेक्षा जास्त तापायचा. कॉम्प्युटर नुसता टेबलावर ठेवला असता तर बरा राहिला असता.

चौथ्या दिवशी बायको परत आली. काय म्हणाली ते सगळं सांगत नाही, सभेत सांगण्यासारखं नाही. पण एक गोष्ट तिनं पहिल्या पाच मिनिटांत पाहिली जी मला चार दिवसांत दिसली नव्हती. "अहो, खोली तर आणखीच तापून राहिली. मशीनच्या मांगं हात लावून पाहा बरं." बरोबर होतं. कॉम्प्युटरचे दीडशे वॉट तर खोलीतच येत होते, वर कॉम्प्रेसरची स्वतःची वीज शंभराच्या आसपास, तीही उष्णता होऊन त्याच खोलीत. म्हणजे मी गार करायच्या नावाखाली शेगडी वाढवली होती. बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का, असा प्रश्न परीक्षेत येतो. आमच्या घरी त्याचं उत्तर तिनं मागं हात लावून दिलं.

तरी मी थांबलो नाही. हट्ट. दुपारी दोन तासच चालवायचा, मग बंद ठेवून फ्रिजला दम घेऊ द्यायचा, असं वेळापत्रक केलं. ते मृगापर्यंत चाललं. आणि पाण्यानं मारलं.

दार बंद असतं तोवर फ्रिजच्या आत तशी कोरडी हवा असते, कारण ओलावा सगळ्यांत गार जागी, म्हणजे बर्फाच्या कप्प्यावर, जाऊन बसतो. घात होतो दार उघडल्यावर. गार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम येतो. ती बाहेरच्या हवेतलीच वाफ असते. मे महिन्यातली आपली हवा कोरडी, तेव्हा दहा-अकरा अंशांच्या खालच्या वस्तूलाच दव धरतं. पण पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की पंचवीस अंशांच्या वस्तूलाही घाम फुटतो. त्या सकाळी मी पेनड्राइव्ह लावायला दार उघडलं, कॉम्प्युटर रात्रभर बंद असल्यानं बोर्ड चांगला गार झालेला, बाहेरची ओली हवा आत शिरली आणि मी बटण दाबलं. एक बारीक ठिणगी, एक वास. संपलं.

बोर्ड घेऊन दर्यापूरला गेलो. दुरुस्तीवाल्या पोरानं प्रोसेसरवरचा पंखा काढला, खालच्या हीटसिंककडे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ठोकळ्याकडे, पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, याच्यात उशी भरून ठेवली का?" ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधल्या सगळ्या फटी कापसानं गच्च. शेजारच्या खोलीतल्या गंजीतले तंतू वर्षभर उडत होते, पंखा ते ओढत होता, आणि हवा जायची वाटच बुजली होती. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी पेस्टही राहिली नव्हती, वाळून पापडी. सायकलच्या पंपानं फुंकर मारली असती आणि थोडी पेस्ट लावली असती, तर मे महिना निघून गेला असता. मी त्याच उशीसकट तो फ्रिजमध्ये घातला होता.

यानंतर मी आपलीच वस्ती नीट पाहायला लागलो. आपल्या खिडकीतला कूलर घ्या. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, त्यावरच तो चालतो. हे दोन थर्मामीटर मी सकाळपासून इथं टांगून ठेवले आहेत, एकाच्या बुडाशी ओलं फडकं गुंडाळलं आहे. वाच रे कोणी. कोरडा तेहेतीस, ओला एकवीस. बारा अंश, आणि वीज फक्त वरच्या पंख्याची. मे महिन्यात त्रेचाळीसच्या कोरड्या हवेत ओलं फडकं बावीस-तेवीसपर्यंत उतरू शकतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे चोवीस लाख ज्यूल लागतात. माझ्या दीडशे वॉटच्या कॉम्प्युटरची तासाभराची सगळी उष्णता न्यायला पाव लिटरहून कमी पाणी पुरलं असतं. जो रांजण दारात होता, त्यातला एक पेला. कोकणात माठातलं पाणी आपल्यासारखं गार होत नाही, कारण हवेत आधीच वाफ भरलेली.

पण म्हणून कूलरच्या तोंडासमोर कॉम्प्युटर ठेवू नका. आपण खारपाणपट्ट्यातले, जमिनीतलं पाणीच खारं. कूलरच्या वाळ्यावर जो पांढरा थर बसतो तो क्षार आहे, आणि कूलर थेंब उडवतो तेव्हा तोच क्षार बोर्डावर जाऊन बसतो. कूलर खोलीसाठी, कॉम्प्युटर बाजूला, आणि समोरची खिडकी उघडी. ही उघडी खिडकी विसरली की सगळ्यांना घामाघूम होताना पाहिलंच आहे आपण, नवीन जावई हमखास बंद करतो ती.

एका पोरानं मघाशी विचारलं, मोठे कॉम्प्युटर कसे गार ठेवतात. १९४६ साली अमेरिकेत एनिअॅक नावाचा कॉम्प्युटर लोकांसमोर आला, त्यात अठरा हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, होते आणि तो दीडशे किलोवॉट खायचा. आपल्या पाच एचपीच्या चाळीस मोटारी एका खोलीत चालवल्यासारखं. तिथं हवा फेकणारे मोठाले पंखेच लावावे लागले होते. पुढे १९८५ सालच्या क्रे-२ नावाच्या महासंगणकात सर्किटं चक्क वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवली. यात नवल वाटायला नको, आपली शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, तरी काय आहे? आतली गुंडाळी तेलात बुडवलेली असते, तेल उष्णता घेऊन बाजूच्या नळ्यांकडे जातं. हौशी लोक खनिज तेलाच्या टाकीत घरचा कॉम्प्युटर बुडवतात, आणि तो चालतोही. पण डीपीतलं तेल कोणी काढून आणू नका, ते चोरीचं तर आहेच, जुनं असेल तर विषारीही असू शकतं. फिरत्या तबकडीची हार्डडिस्कही तेलात टाकू नका, तिला श्वासाचं भोक असतं.

आणि फ्रिजला तर आज हातच लावू नका. माझ्या फ्रिजची जाळी मागे उघडी होती, आत्ताच्या बऱ्याच फ्रिजांत ती नळी बाजूच्या पत्र्यामागे लपवलेली असते, भोक पाडलं की सरळ तिच्यातच. वर बहुतेक नव्या फ्रिजांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, स्वयंपाकाच्या गॅसचा चुलतभाऊ. गंमत अशी की आजचा लॅपटॉप वीस-तीस वॉटवर भागवतो. इतका छोटा झरा तो फ्रिज आरामात उपसेल. पण मग त्याला फ्रिज लागतोच कशाला?

माझ्या प्रयोगाचा हिशेब एवढाच: एक मदरबोर्ड गेला, एक कॉम्प्रेसर बदलावा लागला, आणि पुढची दोन वर्षं साडीचा विषय माझ्याकडून आपोआप मान्य होत गेला. कॉम्प्युटर उत्तरेच्या मातीच्या भिंतींच्या खोलीत हलवला, जमिनीपासून दोन फूट वर. दर रविवारी सायकलचा पंप. त्यानंतर तो दुपारी बंद पडला नाही. फ्रिज अजून चालू आहे. बाजूच्या भोकाला मी एम-सील लावलं, त्यावर पोरीनं फुलाचं स्टिकर चिकटवलं. कोणाला पाहायचं असेल तर घरी या, पण आधी तिला विचारून. आता प्रश्न विचारा.