आठ वेळा आमदार, म्हणजे नेमकं काय?

मंडळी, विषय कर्नाटकातल्या हुक्केरीचे दिवंगत आमदार उमेश कत्ती यांच्या कारकिर्दीचा आहे, तिकडं येतोच. पण आधी जरा आडवाटेनं जाऊ. 'आठ वेळा आमदार' असं बॅनरवर छापलं की आपल्याकडं कारकीर्द सांगून झाली असं समजतात. निवडून किती वेळा आला ते निकालपत्रक सांगतं. सभागृहात प्रश्न कसा विचारला हे बघितल्याशिवाय मला तरी आमदाराचं माप घेता येत नाही.

तारांकित प्रश्न घ्या. त्याला मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं आणि वर उपप्रश्न झेलायचे. अतारांकिताला छापील उत्तर येतं, विषय मिटला. आता आपले लोक आमदाराकडं काय घेऊन जातात? "साहेब, रस्ता लई खराब झालाय, विचारा की." साहेब विचारतात, तालुक्यातले रस्ते खराब झाले आहेत हे खरे आहे काय? होय. दुरुस्ती कधी? अनुदान उपलब्ध होईल तसं, टप्प्याटप्प्यानं. (हशा) हसताय, पण यात मंत्र्याचं काय चुकलं? प्रश्नच मोघम होता.

तोच असा मांडा. रस्त्याचं नाव, कुठल्या किलोमीटरपासून कुठवर. अंदाजपत्रक कुठल्या तारखेला मंजूर झालं? वर्क ऑर्डर कधीची, मुदत किती? मेजरमेंट बुकात काम किती नोंदलं, बिल कितीचं काढलं? मुदत टळल्यावर दंड लावला का? बिल 80 टक्के आणि खडी निम्म्या रस्त्यावर, हे एकदा सरकारच्याच उत्तरात आलं की उपप्रश्नाला आणखी काय हवं? हिडकल धरणाच्या कालव्याचंही तसंच. 'पाणी मिळत नाही' म्हणू नका; फाटा कुठला, आवर्तन कुठलं, शेवटच्या गेटला किती क्युसेक, ते विचारा. आणि रस्ता कुणाच्या ताब्यातला ते आधी बघा. जिल्हा पंचायतीच्या रस्त्याबद्दल पीडब्ल्यूडीच्या मंत्र्याला विचारलंत तर प्रश्न या खात्यातून त्या खात्यात फिरतो, तोवर अधिवेशन उठतं. त्यातून नाव पुकारल्यावर आमदारच जागेवर नसले तर… असो, नावं घेत नाही. (हशा)

भाषेची अडचण सांगाल, तर घटनेच्या 210 व्या कलमात सोय आहे. ज्याला कन्नड, हिंदी, इंग्रजीत नीट मांडता येत नाही त्याला सभाध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. द्यायचं की नाही, ते मात्र त्यांच्या हाती.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं म्हणतात. तर कत्ती. वडील विश्वनाथ कत्ती वारल्यावर 1985 च्या पोटनिवडणुकीत हुक्केरीतून पहिल्यांदा आले. मग 1989, 1994, 1999. 2004 ला काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले आणि पडले. जनता पक्षापासून भाजपपर्यंत चिन्हं बदलत गेली, मतदारसंघ तोच राहिला.

आठातली गंमत 2008 ची. मे महिन्यात धजदकडून, म्हणजे धर्मनिरपेक्ष जनता दलाकडून, निवडून आले, डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत भाजपकडून. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चाच. पक्षाचे एकतृतीयांश आमदार एकदम फुटले तर चालायचं, ती पळवाट पुढं 2003 च्या दुरुस्तीनं बुजवली. मग एकट्यादुकट्यानं काय करायचं? राजीनामा द्यायचा, जागा रिकामी करायची आणि नव्या चिन्हावर पुन्हा उभं राहायचं. म्हणून एका वर्षात दोन विजय. पुढं 2013 आणि 2018 धरून आठ.

2008 लाच मतदारसंघांची पुनर्रचना झाली. संकेश्वर गेला, यमकनमर्डी आला, त्यामुळं 1999 च्या हुक्केरीची मतं 2013 शी ताडून बघू नका. इकडं उचगाव गेला, तो महाराष्ट्र एकीकरण समितीला केवढ्याला पडला हे तुम्हाला मी काय सांगणार!

6 सप्टेंबर 2022 ला कत्ती गेले तेव्हा वन आणि अन्नपुरवठा खातं त्यांच्याकडं होतं. 2023 ला हुक्केरीतून मुलगा निखिल आले. वेगळ्या उत्तर कर्नाटकाची मागणी उमेश कत्तींनी मंत्री असतानाही सोडली नाही. त्या राज्यात आपलं बेळगाव कुठं बसलं असतं? त्यावर चहा घेताना भांडू, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत.