चार वेळा ‘कोठवर’

(दृश्य: पहाटेचा अंधार. उशाशी मोबाईल. शेजारी कडा झिजलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल.)

गजर अजून वाजलेला नाही, पण जाग आली आहे. छातीत धडधड, पोटात गोळा. डोक्यात कर्जाचा हप्ता, आईचा रिपोर्ट, मुलाची फी. उजाडायच्या आधीच दिवसाने मानगूट धरली आहे.

यात थोडा भाग शरीराचा असतो. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात वाढतंच. अंगाला उठवायची ती तजवीज आहे. आधीच काळजीने भरलेल्या माणसाला तीच तरतरी धास्तीसारखी जाणवते. म्हणजे पहाटेची भीती हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र कधी कधी उलट ऐकू येतं: ‘चिंता होते, म्हणजे तुमची प्रार्थना कमी पडते.’ असं बोलणाऱ्यांनी गेथशेमाने बाग आठवावी. तिथे खुद्द प्रभू येशू व्याकूळ झाला होता, आणि तेच शब्द बोलून त्याने तीन वेळा प्रार्थना केली, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26वा अध्याय सांगतो.

(दृश्य: बोट स्तोत्रसंहितेच्या पानावर थांबतं.)

अशा सकाळी बहुतेकांच्या घरी तेविसावं स्तोत्र म्हणतात. ते पाठ असतं, गोडही आहे. पण ‘मला काही उणे पडणार नाही’ हे पहिलंच वाक्य घाबरलेल्याच्या घशात अडकतं, कारण उणं तर समोर दिसत असतं. अशा वेळी तेरावं स्तोत्र उघडावं. वचनं फक्त सहा, मोठ्याने वाचायला मिनिटभरही लागत नाही. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा एकच प्रश्न विचारतो: कोठवर? तू मला कोठवर विसरणार? तोंड कोठवर लपवणार? तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणी येते. भरवसा येतो तो पाचव्यात, शेवटी.

हा क्रमच महत्त्वाचा आहे. आधी तक्रार, मग मागणी, मग भरवसा. आपण बहुधा उलट करतो. आभाराची ठरलेली वाक्यं घाईने म्हणतो, आणि खरी भीती आमेननंतर तशीच आत उरते.

(दृश्य: लोखंडी खाट. तांब्या-भांडं. एक वही, एक पेन.)

सगळं मिळून पंधरा मिनिटं पुरतात. मोबाईल आदल्या रात्रीच दुसऱ्या खोलीत ठेवावा. गजरासाठी साधं घड्याळ चालतं. एकदा का व्हॉट्सॲप उघडलं, की पहिलं गाऱ्हाणं दुसऱ्याचंच ऐकावं लागतं.

उठल्यावर आधी पाणी प्यावं. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, आणि झोपू दिलं. मग उठवून पुन्हा खायला दिलं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर प्रार्थनेच्या नादात खाण्याची वेळ चुकवूच नये. साखर उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, आणि माणसाला वाटतं चिंताच वाढली.

मग पाठ टेकून बसावं. गुडघे टेकायची सवय असेल तर टेकावेत, पण दुखत असतील तर खुर्चीही चालते. पहिली दोन मिनिटं बोलायचं नाही. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, आणि सोडताना त्याहून जास्त वेळ लावायचा. चक्कर आली तर श्वास फार खोल होतोय, तो सैल सोडावा. गाता येत असेल तर गीताचं एक कडवं गावं. लांबलेल्या सुरात श्वास आपोआप लांबतो. नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळ्यांना अभंगाच्या वळणाची गीतं दिली. ती यासाठी फार सोयीची आहेत, कारण चाल आधीच कानात असते.

आता स्तोत्र मोठ्याने वाचावं, आणि दुसऱ्या वचनापाशी थांबून वहीत आपलं ‘कोठवर’ लिहावं. इथेच बहुतेकांची गाडी अडते. ‘प्रभू, माझ्या सगळ्या चिंता दूर कर’ असं लिहिलं की मन त्या ‘सगळ्या’ पुन्हा मोजायला बसतं. पाच मिनिटांची प्रार्थना पंचवीस मिनिटांची होते, आणि माणूस उठतो तो आधीपेक्षा दमलेला. म्हणून तीनच गोष्टी लिहाव्यात, प्रत्येक एका वाक्यात, नावानिशी. ‘पैशांची चिंता’ असं नको. ‘पाच तारखेचा हप्ता, चार हजार कमी पडतात’ असं हवं.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लिहितो, ‘आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’ हे लिहिताना तो स्वतः बंदिवासात होता. ‘कळवा’ हा शब्द किती साधा आहे! घरी निरोप कळवावा तसा. त्यात आरडाओरडा नाही, अलंकारिक भाषा नाही.

मागणी आजपुरतीच असावी. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर आजची मागितली आहे. रानात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेलं अन्न, दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तेव्हा त्यात किडे पडले. तेव्हा चार हजारांच्या वाक्यापुढे आज काय करणार ते लिहावं: ‘अकरा वाजता बँकेत विचारायला जाईन, बोलायला धीर दे.’

(दृश्य: वहीच्या पानावर तीन ओळी. त्याखाली रेघ.)

आभार रेघेखाली येतात. कालच्या दिवसातलीच एक गोष्ट घ्यावी, आणि ती खरी असावी. ‘शेजारणीने डबा दिला’ हे पुरे. ओढूनताणून आणलेले आभार मनाला लगेच ओळखू येतात. मग पाचवं-सहावं वचन, प्रभूची प्रार्थना, आमेन.

घरात सगळे मिळून प्रार्थना करत असाल तर वहीतलं सगळंच मोठ्याने वाचू नये. कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या लग्नाची गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून दुपारपर्यंत गल्लीभर होते.

काही सकाळी पाचवं वचन तोंडातून निघणारच नाही. तेव्हा ते रेटू नये. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचावं. त्याचा शेवट अंधारात होतो, भरवशाची ओळ येतच नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

पण दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कामावर जाणं सुटत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटावं. चालू असलेली गोळी प्रार्थनेच्या भरवशावर परस्पर बंद करू नये. काही औषधं एकदम थांबवली की धडधड आणि बेचैनी उसळून येते. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नये. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं.

(दृश्य: वही मिटते. त्याच पेनाने बँकेच्या कागदावर सही. बाहेर उजाडलेलं.)